आग तुंगारेश्वरी, बंब सोमेश्वरी

फेब्रुवारी लागला की रात्री पूर्वेकडच्या डोंगरावर एक लाल रेघ सरकताना दिसते. सातिवली, पेल्हार, शिरसाड अशा महामार्गालगतच्या गावांना ती सवयीची झाली आहे. कुणी गच्चीतून फोटो काढतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतो, ‘तुंगारेश्वर पुन्हा पेटलं’ एवढी बातमी होते आणि सकाळची लोकल पकडायची असल्याने विषय तिथेच मिटतो. वसई-विरारमध्ये वणव्याविषयी यापलीकडे फारसे कुणी बोलत नसे. आता निसर्गप्रेमी मंडळींत थोडेफार बोलणे सुरू झाले आहे. पण जे बोलले जाते ते ऐकून, बोलत नव्हते तेच बरे होते असे वाटू लागते.

म्हणणे असे की वणवा ही निसर्गाचीच रीत आहे. ती दाबून ठेवली की जंगलात जळण साठते आणि साठलेले जळण एक दिवस भडका घेते. तेव्हा थंडीच्या दिवसांत, वारा आणि दव बघून, चहूबाजूंनी माणसे उभी करून आपणच अभयारण्यात बेताबेताने आग लावावी. काझीरंगात वनखाते हेच करते, केरळातल्या एरविकुलममध्ये करते, कर्नाटकातले सोलिगा आदिवासी तर पिढ्यान्‌पिढ्या करत आले. मग तुंगारेश्वरलाच का नको?

हा युक्तिवाद वेडगळ नाही. त्यामागे चांगले शास्त्रज्ञ आहेत, अनेक दशकांची निरीक्षणे आहेत, आणि ‘आग म्हणजे गुन्हाच’ या सरकारी समजुतीपेक्षा तो नक्कीच शहाणा आहे. म्हणूनच तो हसण्यावारी न नेता मुद्द्यांनी खोडायला हवा. आगीबद्दल जगात जे जे खरे ठरले आहे ते सगळे आपल्या डोंगराला लागू पडत नाही. ज्या जंगलाला दरवर्षी नको तितकी आग मिळते, त्याला आणखी थोडी सरकारी आग देऊन ते सुधारणार नाही, हे माझे म्हणणे आहे.

साठलेल्या जळणाची गोष्ट मुळात अमेरिकेची. तिथल्या वनसेवेने १९३५ मध्ये नियम केला होता की कुठेही आग दिसली तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. तो त्यांनी अनेक दशके निष्ठेने पाळला. पश्चिम अमेरिकेतल्या कोरड्या पाइनच्या जंगलांत खाली पडलेल्या सुया आणि फांद्या कुजायला वर्षानुवर्षे लागतात. पूर्वी तिथे अधूनमधून लहान आगी येऊन हे जळण संपवून जात. आगी थांबल्या, जळण साठले, रोपांची दाटी झाली आणि आज तिथे जे वणवे पेटतात त्यांत बदलत्या हवामानाबरोबर या साठ्याचाही हात आहे. तिथे ठरवून आग लावण्याचा आग्रह धरला जातो तो यासाठी, आणि तो रास्त आहे.

आता हेच गणित तुंगारेश्वरावर मांडून बघा. इथली आग शतकभर कुणी दाबली? इंग्रजांच्या काळापासून कागदोपत्री बंदी आहे, पण डोंगर जळायचे कधी थांबले नाहीत. आणि जळण साठायला पाऊस उसंत देतो कुठे? या डोंगरावर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी कोसळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पडलेला पातेरा जून-जुलैत भिजतो, त्यावर बुरशी चढते, वाळवी आणि गांडुळे कामाला लागतात, आणि दिवाळीपर्यंत त्यातला बहुतेक पाला मातीत गेलेला असतो. ऐन, कुंभा, सावर, पळस यांची पाने पाइनच्या सुयांसारखी वर्षानुवर्षे थरावर थर रचून पडून राहत नाहीत. म्हणजे ‘जाळले नाही तर साठेल’ हे या मतामागचे मुख्य भय इथे उभेच राहत नाही. मेलेली कारवी, घाणेरीची वाळकी लाकडे, फुलून सुकलेला बांबू हे अपवाद आहेत. त्यांच्याकडे पुढे येतोच.

वेळेचा मुद्दा तर त्याहून अवघड आहे. नियंत्रित आगीचे समर्थक सांगतात की ती डिसेंबर-जानेवारीत लावायची: रात्री दव असते, जमिनीत ओल असते, आग रांगत जाते, मोठ्या झाडांना धक्का बसत नाही. पण डिसेंबरात तुंगारेश्वराच्या झाडांवर पाने शिल्लक असतात! पानगळ जोर धरते ती जानेवारी संपताना आणि चालते मार्चपर्यंत. डिसेंबरात तुम्ही जाळाल ते उघड्या उतारावरचे गवत. झाडांखालचे खरे जळण अजून फांद्यांवरच असेल. तुमची आग विझल्यावर ते खाली येईल आणि मार्चमध्ये कुणा बिडीवाल्यासाठी डोंगर पुन्हा तयार. बरे, पानगळ होऊ द्यायची आणि मग जाळायचे म्हटले तर तोवर दव संपलेले असते, जमीन कोरडी पडलेली असते आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याला जोर आलेला असतो. हा वारा पश्चिमेकडून, थेट समुद्रावरून येतो आणि वसईच्या बाजूचा सगळा उतार त्याच्या तोंडावर आहे. आग चढावर आपल्या आपण पळते, कारण ज्वाळा वरचे गवत आधीच तापवून ठेवतात. पाठीशी वारा असला की विचारायलाच नको. ज्या दिवसांत आग सुरक्षित असते त्या दिवसांत ती निरुपयोगी, आणि उपयोगी पडेल त्या दिवसांत ती हाताबाहेर जाणारी. याला या जंगलापुरते कुणी उत्तर दिलेले मी ऐकलेले नाही.

ज्यांच्याकडे विमाने, हवामानतज्ज्ञ आणि शेकडो प्रशिक्षित माणसे आहेत त्यांचे काय झाले तेही पाहावे. मे २००० मध्ये अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात राष्ट्रीय उद्यान सेवेने लावलेली नियंत्रित आग सुटली आणि लॉस अलामोस शहरात घुसली. शेकडो कुटुंबे बेघर झाली. त्याच राज्यात २०२२ मध्ये वनसेवेने लावलेल्या दोन आगी सुटून एकमेकींना मिळाल्या आणि त्या राज्याच्या नोंदलेल्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा झाला. तीन लाख एकरांहून अधिक जमीन जळाली. त्यातली एक आग जानेवारीत जाळलेल्या फांद्यांच्या ढिगांची होती. ती बर्फाखाली धुमसत राहिली आणि एप्रिलमध्ये वर आली. आपल्याकडे एका वनरक्षकाच्या वाट्याला किती डोंगर येतो आणि त्याच्या हातात काय असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सांगायला नको. या डोंगराच्या पायथ्याला २०११ च्या जनगणनेनुसार बारा लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे. आज तर ती संख्या कितीतरी पुढे गेली आहे. हिवाळ्याच्या सकाळी हवा खाली दाबलेली असते; डोंगरावरचा धूर त्या शहरातच उतरणार.

आता उदाहरणांकडे वळू, कारण वादात खरा जोर त्यांचाच असतो.

काझीरंगा हे ब्रह्मपुत्रेच्या पुराचे उंच गवताळ रान आहे. गेंडा, पाडा हरीण, बारशिंगा यांना तिथे उघडे गवत लागते; न जाळल्यास त्यात झाडे घुसतात आणि गवत हटते. म्हणून तिथे गवताचे पट्टे जाळतात आणि ते बरोबरच आहे. एरविकुलममध्ये अनमलाईच्या माथ्यावरची कुरणे मुथुवन आदिवासींच्या मदतीने टप्प्याटप्प्याने जाळतात, नीलगिरी ताहरला कोवळे गवत मिळावे म्हणून. दोन्हीकडे जाळायचे आहे ते गवत आणि जगवायचे आहेत ते गवतावरचे प्राणी. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. ते आहे पानझडी जंगल, ओढ्यांच्या घळीत सदाहरिताकडे झुकणारे. तिथे जगवायचा आहे बिबट्या, भेकर, जमिनीवर वावरणारी चकोत्री, पाचोळ्यावर अंडी घालणारा रातवा. काझीरंगात आग चालते म्हणून इथे चालावी, हे गेंड्याला मानवते म्हणून भेकराला चिखलात लोळवण्यासारखे आहे.

‘पण तुमची पानझडी जंगले मुळात जंगले नाहीतच’ असेही एक उत्तर येते, आणि ते अभ्यासू माणसांकडून येते. जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडले की आशियातली कित्येक तथाकथित पानझडी जंगले खरे तर सॅव्हाना आहेत, म्हणजे गवत आणि विरळ झाडे यांचे प्राचीन रान. तिथे आग आणि चराई हे रोग नसून त्या रानाच्या जगण्याचा भाग आहेत. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी अलीकडे मध्ययुगीन मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख धुंडाळून पश्चिम महाराष्ट्रातली माळराने शेकडो वर्षे माळरानेच होती असे दाखवले. हे काम मला मोलाचे वाटते. माळावर झाडे लावून ‘वनीकरण’ केल्याचे फलक लावणाऱ्यांच्या तोंडावर ते मारायला हवे. पण ते पुणे-साताऱ्याच्या पर्जन्यछायेतल्या पठारांविषयी आहे. सासवडच्या माळाचे निदान घेऊन वसईच्या डोंगराला औषध देता येत नाही. देशावर आगीचे प्रयोग करायचे तर जरूर करावेत, आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात १९५४ पासून ठराविक तुकडे ठराविक अंतराने जाळून नोंदी ठेवल्या जातात तसे शिस्तीने करावेत. त्याला माझी हरकत नाही, उलट पाठिंबा आहे.

सागाचा दाखलाही दिला जातो. ब्रह्मदेशात इंग्रजांनी ओलसर सागवनात आगबंदी केली तेव्हा सागाची नवी रोपे उगवेनाशी झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना ती बंदी सैल करावी लागली. खरे आहे. पण त्यांना सागाचे ओंडके हवे होते. आपल्याला तुंगारेश्वरात सागाचे कूप वाढवायचे नाहीत. वारंवारच्या आगीत जाड सालीचे साग, ऐन टिकतात, आणि जांभूळ, अंजनी यांची कोवळी रोपे मरतात. हा सागाचा फायदा असेल, जंगलाचा नाही.

राहिले सोलिगा. हा दाखला सगळ्यांत वजनदार आहे, आणि नीट वाचला तर तो विरुद्ध बाजूने साक्ष देतो.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांत सोलिगा लोक कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला वाळक्या पानांना हलकी आग लावत. तिला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात. १९७४ मध्ये तिथे अभयारण्य झाले, आग बंद झाली. सोलिगांचे म्हणणे असे की आग थांबल्यावर घाणेरी माजली आणि आवळ्यावर बांडगूळ वाढले. भरत सुंदरम आणि अंकिला हिरेमठ यांच्या अभ्यासात १९९७ ते २००८ या काळात तिथल्या घाणेरीचा पसारा जवळपास दुप्पट झाल्याचे दिसले. इथपर्यंतचा भाग आपले मित्र सांगतात. पुढचा सांगत नाहीत. याच दोन संशोधकांनी त्याआधी, २००५ मध्ये, घाणेरी आणि आग यांचे एक दुष्टचक्र मांडले होते. आग वारंवार आली की जंगल विरळ होते, उजेड खाली येतो, घाणेरी शिरते. घाणेरी वाळली की तिच्या काटक्या पुढची आग उंचावर नेतात. त्या मोठ्या आगीने आणखी झाडे जातात आणि घाणेरी बुंध्यापासून पुन्हा फुटते. म्हणजे घाणेरी येण्यापूर्वीची हलकी आग वेगळी आणि घाणेरी आल्यानंतरची वेगळी. पहिलीचा अनुभव दुसरीला लावणे घातक. आपल्या डोंगरावर घाणेरी आहे आणि तिच्या जोडीला रानमोडी आहे, जिचे बी वाऱ्याने उडते आणि जी जळीत जमिनीवर सर्वांआधी उगवते. तुंगारेश्वराची उघडी पडलेली एखादी सोंड पाहून या. करपलेल्या झाडांच्या मधली सगळी जागा तिने व्यापलेली दिसेल. तिथे पुन्हा आग लावणे म्हणजे तिची पेरणी करणे.

दुसरे असे की सोलिगांची आग सोलिगांची होती. कुठे, कधी, किती हे ठरवणारे लोक त्याच जंगलात राहत होते आणि चुकले तर त्यांचेच मध, आवळे जाणार होते. २०११ मध्ये त्यांना त्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले. आपल्याकडे सोलिगांचे नाव घेणारे वारली, काटकरी, मल्हार कोळी यांना असा निर्णयाचा हक्क द्या म्हणतात का? नाही. ते म्हणतात आराखडा तज्ज्ञ करतील, आग खाते लावेल आणि आदिवासी रोजंदारीवर पाणी घेऊन उभे राहतील.

आगीवर किती अंतराने आग येते यावर सगळे अवलंबून असते. नरेंद्रन कोडंडपाणी, मार्क कोक्रेन आणि रमण सुकुमार यांनी २००४ मध्ये मुदुमलाईच्या जुन्या नकाशांवरून दाखवले की विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे एका ठिकाणी साधारण दहा वर्षांनी आग येत असे. शतकाच्या अखेरीस हे अंतर जेमतेम तीन-सव्वातीन वर्षांवर आले. दहा वर्षांत रोपाची साल जाड होते, ते आगीतून निभावते. तीन वर्षांत नाही. तुंगारेश्वराच्या महामार्गाकडच्या काही सोंडा तर लागोपाठच्या वर्षांत काळ्या पडतात. तिथे उणीव आगीची नसून आगीशिवाय जाणाऱ्या सलग वर्षांची आहे.

मग ही आग लावतो कोण? इथे लगेच बोट जाते पाड्यांकडे आणि भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याच्या, म्हणजे राबाच्या, रीतीकडे. ‘आदिवासी राब जाळतात, आग वर जाते.’ या विधानाला ठाणे जिल्ह्यात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. राबासाठी टहाळ तोडण्यावरून आणि वनहद्दीवरून ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला; त्याचा अहवाल १८८७ चा. तेव्हाही साहेबाला वाटे की राब म्हणजे जंगलाचा नाश, आणि शेतकरी सांगे की राबाशिवाय रोप उभे राहत नाही.

राब भाजताना ज्याने पाहिले आहे त्याला आगीवरचा ताबा म्हणजे काय ते कळते. दाढीच्या, म्हणजे रोपवाटिकेच्या, जागेवर आधी शेणाची गोवर, तिच्यावर टहाळ, वर गवत-पातेरा आणि सगळ्यांत वर मातीचा पातळ थर. वारा पडला की संध्याकाळी, वारा जिकडे जातो त्या बाजूने चूड लावायची, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध मागे मागे सरकते, धावत सुटत नाही. कडेची जागा आधीच झाडून मोकळी केलेली असते. ज्याला आजचे तज्ज्ञ नियंत्रित आग म्हणतात ती या लोकांना केव्हाची येते. आणि ती शेतात लावायची असते, डोंगरावर नाही, हेही त्यांना कळते. राबाची ठिणगी कधीच सुटत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. सुटते, विशेषतः वनहद्दीला चिकटलेल्या खाचरांत. त्यावर उपाय आहेत. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात टोकणी करतात. रोपवाटिकाच नसते, तेव्हा राबही नको. हद्दीवरच्या शेतकऱ्याला त्यासाठी साचा, बी आणि पहिल्या दोन वर्षांचा आधार दिला तर तो ऐकेल. गुन्हा दाखल करून ऐकणार नाही.

पण राब हा एकच धागा. महाशिवरात्रीला तुंगारेश्वराच्या देवळाकडे हजारोंची रांग लागते, आणि महाशिवरात्र येते ती नेमकी पाचोळा वाळल्यावर. चिंचोटीकडे वर्षभर सहली, पार्ट्या, चुली. पायथ्याशी गोखिवऱ्याला भोयदापाड्याची कचराभूमी, जिथला कचरा उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा पेटतो. ससा-डुकराच्या शिकारीसाठी लावलेल्या आगी. आणि जिथे चाळी डोंगराकडे सरकत आहेत तिथे जमीन ‘मोकळी’ होण्यात कुणाचा फायदा असतो, हे वसईच्या माणसाला समजावून सांगायला नको. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची आपली सवय जुनी आहे.

सरकारी आगीचा सर्वांत मोठा धोका मला इथेच दिसतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका पोहोचेल अशी आग लावणे किंवा पेटती सोडणे गुन्हा आहे. आज डोंगर काळा दिसला की निदान एवढे ठामपणे म्हणता येते की हे कुणीतरी चुकीचे केले. उद्या खातेच जाळू लागले तर? उपग्रहाला दिसतो तो तापलेला ठिपका. तो सरकारी की चोरटा हे त्याला कळत नाही, आणि राखेवर कुणाची सही नसते. दरवर्षीचा प्रत्येक जळका उतार मग ‘व्यवस्थापनाचा भाग’ ठरवता येईल. ज्यांना डोंगर जळायला हवा आहे त्यांच्या हाती याहून चांगली पळवाट कुणी देणार नाही.

आता गवत आणि कारवी. इथे मात्र आगसमर्थकांची तक्रार खरी आहे की जंगलातून काही बाहेर काढायचे नाही या हट्टाने जळण वाढते. ठाणे-पालघरचे गवत एकेकाळी मोठा व्यापार होता. मुंबईच्या तबेल्यांना इथून गंज्याच्या गंज्या जात. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो लढा दिला त्यात गवतकापणीची मजुरी ही एक मुख्य मागणी होती. गवताला किंमत होती म्हणूनच तो लढा मालकांना झोंबला. कापलेले गवत जळत नाही. आज मागणी घटली, मजूर कारखान्यांकडे गेले, आणि अभयारण्यात तर १४ फेब्रुवारी २००० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वाळलेली, पडलेली झाडे आणि गवतसुद्धा हलवण्यावर बंदी आली. आदेशाचा रोख ‘मेलेली झाडे’ म्हणून जिवंत लाकूड लांबवणाऱ्यांवर होता आणि तो योग्यच होता. पण त्याचा परिणाम असा की वाटांच्या दोन्ही बाजूंचे पुरुषभर गवत मार्चपर्यंत उभे राहते. कारवीचेही तेच. मुंबईच्या डोंगरांत ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. फुलून गेली की मरते, आणि तिच्या वाळक्या काठ्या उतारभर उभ्या राहतात. वारल्यांची घरे याच काठ्यांच्या कुडाची असत. फुलोऱ्यानंतरच्या हंगामात वनहद्दीकाठच्या पाड्यांना त्या मोजून-मापून नेऊ देणे हा जळण कमी करण्याचा आग न लावता होणारा मार्ग आहे. कायद्याच्या कलम २९ मध्ये अभयारण्याच्या सुधारणेसाठी परवानगीने वस्तू हलवायची सोय आहे. न्यायालयाकडे स्पष्टीकरण मागायचे तर मागावे. ज्यांना आगीची परवानगी आणण्याची उमेद आहे त्यांना विळ्याची आणणे जड जाऊ नये.

माणसांना बाहेर काढले की रान आपोआप सुधारते, ही समजूत भरतपूरच्या पक्षी-अभयारण्याने कधीच खोटी ठरवली आहे. तिथे १९८२ मध्ये गुरांना बंदी झाली, त्यावरून गोळीबार होऊन माणसे मेली, आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून निघाले काय, तर गुरे गेल्यावर पाण्यातले गवत इतके माजले की पक्ष्यांचीच अडचण झाली. त्यावरचा उपाय चराईच होता. हत्यार निवडायचे ते जागा पाहून.

तुंगारेश्वरात आगीला एक जागा आहे, आणि ती आजही कागदावर आहे: जाळरेषा. वनहद्द, रस्ते आणि पायवाटा यांच्या कडेने ठरलेल्या रुंदीचा पट्टा कापून, वाळवून, खात्याच्या माणसांनी जाळायचा आणि नंतर पानगळ होत राहील तसा ब्लोअरने पुन्हा पुन्हा साफ ठेवायचा. पंधरा फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो, त्याआधी हे काम व्हायला हवे. कंटाळवाणे काम आहे. त्यावर परिषदा भरत नाहीत. पण वणवा थांबवायला याहून मोठी विद्या अजून निघालेली नाही.

तेव्हा नियंत्रित आगीच्या समर्थकांना माझी विनंती आहे की अभयारण्यात काडी ओढण्यापूर्वी पाच वर्षे फक्त एवढे करून दाखवा. जानेवारीअखेर सगळ्या जाळरेषा पूर्ण आणि त्यांचा नकाशा लोकांसमोर. हंगामी वणवारक्षक त्याच डोंगराखालच्या पाड्यांतले, पगार दर महिन्याला. हद्दीकाठचे गवत आणि मेलेली कारवी नेण्याचा हक्क ग्रामसभांना. महाशिवरात्रीच्या आठवड्यात वाटेवर चूल आणि विडी बंद. कचराभूमीला आग लागली तर जबाबदारी महापालिकेची, वनरक्षकाची नाही. आणि जळालेल्या प्रत्येक उताराची दरवर्षी जाहीर नोंद. पाच वर्षांनी त्या नोंदी समोर ठेवून आपण बसू. तोवर तुंगारेश्वर अभयारण्यात जाळरेषेबाहेर एकही आग लावायला परवानगी मिळता कामा नये, मग ती मागणारा कुणीही असो.